बायजाआतेचं आवतण

हल्ली आमच्या वस्तीतली पोरं बायजाआतेची गोष्ट सांगतात, ती ऐकली की मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. म्हणे तिच्या हातात कोयता होता. म्हणे ती मळेवाल्याच्या घोड्यापुढे आडवी पडली. अरे, काय सांगता काय! आतेनं जन्मात कोयता धरला असेल तर तो नारळ सोलायला. आणि घोड्याला ती इतकी भ्यायची, की रस्त्यात घोडा दिसला की सरळ उसात शिरायची. मी तिच्या शेजारच्या खोलीत वाढले. मधे कुडाची भिंत, तीही अर्धी पडलेली. तिचं खोकणं, घोरणं, स्वतःशी बोलणं मला सगळं पाठ आहे. तेव्हा ऐकायचं तर माझ्याकडून ऐका.

दिसायला काही नव्हती. बुटकी, काळीसावळी, पुढचे दात गेलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून घट्ट खोचलेलं. कपाळावर मात्र हे एवढं मोठं कुंकू. नवरा तिला पोरं लहान असतानाच टाकून मुंबईला पळाला होता आणि पुन्हा कधी दिसला नव्हता. कोणी विचारलं, "आते, तो हाय का गेला?" तर म्हणायची, "मला काय म्हाईत? मेल्याची खबर आली नाय, म्हंजे कुंकू पुसायचं कारण नाय. जन्मात तेवढंच एक काम त्याच्याकडनं झालं." आणि तंबाखूची मिश्री दातांना, म्हणजे उरलेल्या दातांना, घासत बसायची.

इतकी वर्षं या बेटावर काढली, पण इथल्या क्रिओल बोलीतला एक शब्द तिनं जिभेवर घेतला नाही. सगळ्यांशी मराठीतच. दुकानदार चिनी होता. तो त्याच्या भाषेत भांडायचा, ही हिच्या भाषेत, आणि शेवटी दोघांचं जमायचं. मळ्याच्या मालकाला आम्ही सगळे चळचळा कापत 'मिस्ये' म्हणायचो. ही त्याला म्हणायची, "ऐक रे बाबा." मी एकदा म्हटलं, "आते, त्याला कळत नाही गं." तर म्हणाली, "कळत नाय तर शिकंल. तोंड हाय कशाला?" 'तोंड हाय कशाला' हे तिचं नेहमीचं. कोणी रडत आलं, कोणी मार खाऊन आलं, कोणी मूग गिळून बसलं, सगळ्यांना एकच औषध.

ती खरी कोणाचीच आते नव्हती. पण मॉरिशसला, मिरीचला म्हणायचो आम्ही तेव्हा, माणसं आली ती एकेकटी आली. चुलते, मामा, आत्या सगळे मागे राहिले. मग पोर जन्मलं की बारशाला कानात नाव सांगायला आत्या कुठून आणायची? बायजाआते पुढे झाली. मळ्यातल्या निम्म्या पोरांची नावं तिनं ठेवली. एवढ्यावर थांबेल तर ती आते कसली! तिनं माणसं नेमायलाच सुरुवात केली. एका लग्नात नवरीला मामा नव्हता. आतेनं बिहारातल्या छपऱ्याकडचा एक भोजपुरी माणूस हाताला धरून आणला. त्याला ना मराठी येत होती, ना आमच्या रीती ठाऊक. "तू आजपास्नं हिचा मामा," म्हणाली. त्या भल्या माणसानं ते इतकं मनावर घेतलं, की पुढे दर दिवाळीला भाचीकडे खाऊ घेऊन यायचा आणि भाची नवऱ्याशी भांडली की समजूत काढायलाही त्यालाच बोलवायचे.

आणि ती सुईण होती. हे शेवटी सांगते, कारण तिची जखम तिथेच होती.

कोकणात, राजापूरच्या खाली खाडीकाठच्या एका गावात तिची लेक होती, येसू. येसूला पहिल्यांदा दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आतेनं बाळंतविड्याची तयारी केली होती. तेवढ्यात मुलगा गोविंद एका दलालाच्या नादी लागला आणि गलबतावर चढायला निघाला. पोराला एकटं कसं सोडायचं म्हणून ही त्याच्यामागून निघाली. येसूला सांगून आली, "याची सोय लावून देते आणि तुझे दिवस भरायच्या आत परत येते." तिला वाटलं होतं, मिरीच म्हणजे मुंबईच्या थोडं पलीकडे असेल. चहूकडे पाणीच पाणी झालं तरी ती खलाशांना रोज विचारायची, आलं का म्हणून. खलाशी हसायचे. मग एक दिवस तिनं विचारणं बंद केलं.

गोविंद इथल्या तापात गेला. आते उरली आणि तिच्या हाताला सुईणीचं काम उरलं. दुसऱ्यांच्या लेकी बाळंत करता करता ती प्रत्येकीला येसू म्हणायची. तमिळ बाई असो, बिहारी असो, आपली असो. "कळ सोस गो येसू, झालं, आलं बघ." मला आधी वाटायचं, ही चुकून म्हणते. नंतर कळलं, चुकून नव्हे. माझ्या थोरल्याच्या वेळी मलाही म्हणाली. त्या कळांतही माझ्या अंगावर काटा आला.

तिला परत जायचं होतं. दुसरं काही नकोच होतं. मळ्यावर राबायच्या करारनाम्यावर निशाणी गोविंदनं केलेली. तो मेल्यावर हिचा परतीचा हक्क मिस्येच्या मर्जीवर गेला. त्यानं चिठ्ठी दिली तर गलबतावर जागा, नाहीतर नाही. दरवर्षी ती बंगल्याच्या पायरीशी जाऊन बसायची आणि तो दरवर्षी सांगायचा, ऊस गाळून होऊ दे, मग पाहू. फुकटात सुईण मिळाली होती त्याला, कशाला सोडतोय! अखेर एका साली त्यानं शब्द दिला, अगदी चार माणसांसमक्ष दिला. योगायोगानं त्याच सुमाराला आमच्यातला एक माणूस परत कोकणात निघाला होता. आतेनं त्याच्याकडे निरोप दिला, "येसूला सांग, पुढच्या गलबतानं मी येते. बंदरावर ये म्हणावं न्यायला." तो माणूस जाईपर्यंत तिनं त्याच्याकडून तो निरोप इतक्यांदा म्हणून घेतला, की शेवटी तो हात जोडून म्हणाला, "आते, झोपेत विचारलंस तरी सांगीन."

हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं याच सालात झालं.

तिकडे हिंदुस्थानात शिपायांनी बंड केलं होतं. त्याची खबर इथे आली आणि मळेवाल्यांनी धास्ती घेतली. आमची तीन माणसं एकत्र उभी दिसली तरी सरदाराची काठी उठायची. सरदार म्हणजे आमच्यातलाच मुकादम, धोंडू त्याचं नाव. मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर पास लागायचा. पास नसला की भटक्या म्हणून धरायचे आणि तुरुंगात टाकायचे. आता गंमत बघा. मिस्येनं मारलं, पगार कापला, आजाऱ्याला फरफटत शेतात नेलं, तर दाद मागायची पांपलमूसच्या कचेरीत, मॅजिस्ट्रेटकडे. पण कचेरीपर्यंत जायला पास द्यायचा कोणी? त्याच मिस्येनं! असला कायदा करणाऱ्यांच्या तोंडात... जाऊ दे, माझ्याच तोंडून वाईट निघायचं.

माझे वडील, आबा, तसेच बिनपासाचे कचेरीकडे गेले. तापानं फणफणलेल्या एका माणसाला धोंडूनं कामावर ओढून नेलं होतं आणि तो सरीतच कोसळला. आबा म्हणाले, मी सांगून येतो साहेबाला. अर्ध्या वाटेत धरले. ना चौकशी, ना काही. भटक्या म्हणून तुरुंगात. घरात मी एकटी. तशी मी लहान नव्हते, घोडनवरीच होते. जातीतला मुलगा मिळेना म्हणून राहिलेली. बंगल्यावर झाडलोट करायचे आणि परत येऊन कुडाला पाठ लावून रडायचे. पलीकडून आवाज यायचा, "रड, रड. पण रडून झाल्यावर जेवायला ये."

मग एका दुपारी बघते, तर सुपात तांदूळ घेऊन त्यांना हळद चोळत बसली आहे.

"कुणाचं लग्न गं आते?"

"हाय एक," म्हणाली.

आमच्याकडे लग्नाचं आवतण नुसतं तोंडानं सांगून होत नाही. सवाष्ण बाई घरोघर जाते, बायकांना कुंकू लावते, हातावर हळदीच्या अक्षता ठेवते आणि कुणाकडे, कधी ते सांगते. हा बायकांचा कारभार. सरदार त्यात नाक खुपसत नाहीत आणि गोऱ्यांना तर त्यातलं ओ की ठो कळत नाही. शिवाय आते कराराची नव्हती, तिला कोणी पास विचारणार नव्हतं. कुंकवाचा करंडा आणि अक्षतांचं ताट घेऊन ती मळ्यामळ्यातून फिरली. बायकांना कुंकू लावायची, आणि प्रत्येक वस्तीत एका भरवशाच्या माणसाला बाजूला घेऊन सांगायची, "नवरा नाय, नवरी नाय, पण लग्नाला यायचं. येत्या सोमवारी सकाळी, पांपलमूसच्या कचेरीसमोर. सगळ्यांनी. एकाला धरतात, चौघांना धरतात. सगळ्यांना कुठं कोंबतील?"

पाय सुजून भोपळा व्हायचे तिचे. मी एरंडाची पानं गरम करून शेकायचे. शेकताना मी एकदा भीत भीत म्हटलं, "आते, मिस्येला कळलं तर तुझी चिठ्ठी गेली."

तिनं पाय ओढून घेतला. "तुझ्या बापाला सोडवायचंय ना? मग शेक गप."

आता घोटाळा कसा झाला ते सांगते. उत्तरेला, गुडलँड्सच्या बाजूला एक मळा होता. तिथे आते पोचली तेव्हा पुरुष सगळे शेतात, वस्तीत एकच म्हातारी, तांदूळ कांडत बसलेली. आतेला परतायची घाई. तिनं म्हातारीला कुंकू लावलं, अक्षता दिल्या आणि आडून आडून सांगितलं. त्या बिचारीला आडून कसलं कळतंय! तिनं सगळ्या वस्तीला सांगितलं, सोमवारी पांपलमूसला आपल्या माणसांत लग्न आहे. किती तरी दिवसांत त्या लोकांनी लग्न पाहिलं नव्हतं. हरखूनच गेले. त्यांचा मालक जरा बरा होता. त्यांनी त्याच्याकडे रीतसर लग्नासाठी पास मागितले आणि त्यानं ते दिले!

सोमवारी सकाळी आम्ही आमच्या मळ्यातून निघालो. कोणी उसातून, कोणी ओढ्याकाठानं, आणि पांपलमूसच्या अलीकडे रस्त्यावर एकत्र झालो. इतर मळ्यांचेही आले होते. खूप माणसं होती. कचेरीचं छप्पर दिसायला लागलं आणि समोर शिपाई आडवे आले. बंदुका होत्या त्यांच्याकडे. "पास?" आमच्यात कोणाकडेच नव्हता. शिपायांचा जमादार दोऱ्या आणायला सांगू लागला. मागची माणसं हळूहळू मागे सरायला लागली. मला वाटलं, संपलं. आबाही गेले आणि आता आपणही जाणार.

तेवढ्यात उत्तरेच्या रस्त्यानं ढोलकी ऐकू आली.

काय तो थाट! डोक्याला पागोटी, बायकांच्या अंगावर होती नव्हती ती लुगडी, नारळ, केळीचे घड, टोपलीत मुंडावळ्या. पुढे एक उंच तरुण ढोलकी वाजवतोय आणि मागे पोरंबाळं नाचताहेत. आमची तोंडं बघून ते थांबले. त्यांच्यातली म्हातारी पुढे येऊन आतेला म्हणाली, "उशीर नाय ना झाला? नवरी कुठाय?"

जमादारानं त्यांचे पास बघितले. पासावर लग्न लिहिलेलं. त्यानं आमच्या सगळ्या घोळक्याकडे बोट केलं आणि विचारलं, "मारियाझ?" म्हणजे लग्न का?

मी आतेकडे बघितलं. ती त्या मुंडावळ्यांकडे बघत होती. मग तिनं माझं मनगट धरलं. कसं धरलं म्हणता! अजून दुखतं. "ही काय नवरी!" म्हणाली. आणि त्या ढोलकीवाल्याकडे वळून, "आणि हा काय नवरा!" तो बिचारा पळाला असता, पण गळ्यात ढोलकी. आतेनं माझ्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या, त्याच्या बांधल्या, कोणीतरी धोतर आडवं धरून अंतरपाट केला, आणि एका म्हाताऱ्यानं येत होतं तेवढं मंगलाष्टक म्हटलं. ताटात उरलेल्या सगळ्या अक्षता आमच्या डोक्यावर पडल्या. जमादार हसायला लागला. शिपायांना म्हणाला, "लेस झोत पासे." जाऊ द्या यांना. आणि आम्ही वाजतगाजत कचेरीच्या अंगणात शिरलो, पासवाले नि बिनपासवाले सगळे.

मॅजिस्ट्रेट नवा होता, इंग्रज होता आणि इथल्या फ्रेंच मळेवाल्यांशी त्याचं फारसं पटत नव्हतं. ढोलकी ऐकून तो पायरीवर आला. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. आते पुढे झाली. "ऐक रे बाबा," म्हणाली आणि सुरू झाली. मळ्यामळ्यात हिंडताना तिनं ज्याचं त्याचं गाऱ्हाणं ऐकलं होतं. कोणाला कुठे मारलं, कोणाचा पगार कापला, कोण तापात शेतात मेला, कोणाला पासावाचून तुरुंगात घातलं. ती बोलत होती आणि दुभाषा घाम पुसत होता. मधेच म्हणाला, जरा दमानं घे. ती म्हणाली, "मी दमानं घेतलं, म्हणून तर इतकी वर्षं गेली." साहेबानं ऐकून घेतलं. सगळं नाही, पण ऐकलं. तक्रार द्यायला येणाऱ्याला पासावाचून धरू नये, असा हुकूम त्यानं काढला. तो पुढे किती पाळला ते सोडा. पण आबा त्याच आठवड्यात सुटून आले.

घरी येऊन बघतात तर जावई! मी आतेला म्हटलं, "आता काय करायचं गं? ते खोटंच होतं ना?" ती माझ्यावर अशी उखडली! "खोटं कसं? अक्षता पडल्या, माणसांनी बघितलं. लग्न काय खेळ हाय?" आबांनी मुलाला बघितलं, घराणं विचारलं आणि मान डोलावली. मी नाही कशाला म्हणू? ढोलकी छान वाजवायचे हे. अजून वाजवतात, पण आता हात थरथरतो.

इथवर सगळे हसत हसत ऐकतात. पुढचं कोणाला आवडत नाही, म्हणून कोयत्याच्या न् घोड्याच्या गोष्टी करतात.

मिस्येनं आतेला बंगल्यावर बोलावलं. मी ओटी झाडत होते, ती झाडतच राहिले. तो आरामखुर्चीत, धोंडू सरदार दुभाष्याचं काम करायला. मिस्ये ओरडला नाही. अगदी गोड बोलला. म्हणाला, मुंबईचं गलबत बंदरात लागलंय, गुरुवारी सुटतंय. तुझी चिठ्ठी ही मी आत्ता लिहितो. फक्त प्रत्येक मळ्यात तू कोणाशी बोललीस, ती नावं सांग. त्या माणसांवर तो बंडाचा खटला भरणार होता, हे धोंडूच्या तोंडावरच दिसत होतं.

आते म्हणाली, "धोंड्या, काय म्हनला तो? पुन्ना सांग."

धोंडूनं पुन्हा सांगितलं. गलबत, गुरुवार, चिठ्ठी. मी झाडू धरून उभी राहिले. तिला पहिल्यांदा ऐकू गेलं होतं, मला ठाऊक आहे. तिचे कान तिखट होते. तिला ते फक्त आणखी एकदा ऐकायचं होतं.

"सांग त्याला," ती म्हणाली, "मी लई म्हातारी झाले. नावं ध्यानात राहत नायत. निम्म्यांची तर मीच ठेवली, म्हणून गोंधळ होतो."

मिस्ये हसला नाही. त्यानं हातानं जा म्हणून खूण केली. पायऱ्या उतरताना ती एकदा अडखळली. मी धावत हात द्यायला गेले तर तिनं तो झिडकारला. मला त्या वेळी राग आला होता. आता नाही येत.

गुरुवारी ती नेहमीसारखी उठली, भात केला, एका बाळंतिणीला शेक दिला. मी दिवसभर तिच्या आजूबाजूला होते. आबांना सोडवायला हिनं काय घालवलं, हे मला कळत होतं आणि ते बोलायची सोय नव्हती. ऊन कललं तेव्हा ती दारात बसली आणि एकदाच म्हणाली, "येसू बंदरावर येल गो, काशे. उनात उभी राहील."

बस्स. उठली आणि चुलीकडे गेली.

वर्षं गेली. मी यांच्याबरोबर दुसऱ्या मळ्यावर गेले, पण बाळंतपणांना आणि सणासुदीला आतेकडेच यायचे. मग एकदा नव्या आलेल्या माणसांत राजापूरकडचा एक कुणबी होता. आतेला कळलं तशी ती त्याच्याकडे धावली. मीही होते. तिनं आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, येसूचं नाव घेतलं. तो माणूस तिच्याकडे बघतच राहिला, आणि चक्क दोन पावलं मागे सरला.

"तुझे तर दिवस केले," म्हणाला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. निरोप पोचला होता. येसू बंदरावर आली होती, कडेवर धाकटी पोरगी घेऊन. गलबत आलं, माणसं उतरली, आई उतरली नाही. कोणाला धड ठाऊक नव्हतं. कोणी म्हणालं, वाटेत पुष्कळ माणसं दगावली, समुद्रात सोडली. येसू त्यानंतरही दोन गलबतं बघून गेली. मग गावानं समजूत घातली. आईच्या नावानं दर्भाचा पुतळा करून जाळला आणि दिवस घातले.

मला वाटलं, आता ही कोसळणार. आते खाली बसली. बराच वेळ जमिनीवर बोटानं काहीतरी करत होती. मग वर बघून तिनं विचारलं, "जेवायला काय केलं होतं?"

तो म्हणाला, "काय ते आठवत नाय बा. पण पंगत चांगली उठली. वडे केले होते."

"येसूनं केले?"

"तिनंच."

"चांगले करते," आते म्हणाली. "मीच शिकवले." आणि मग ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. तोंड हाय कशाला म्हणणारी बाई, पण आवाज बाहेर पडू दिला नाही तिनं.

पुढे तो मिस्ये गेला, मळा विकला गेला. बेटावर तापाची मोठी साथ आली, घरंच्या घरं ओस पडली. नव्या मालकाला म्हातारी खाणारी तोंडं नकोच होती. त्यानं मागितल्याबरोबर चिठ्ठी देऊन टाकली. जिच्यासाठी तिनं आयुष्य काढलं ती चिठ्ठी अशी, जाता जाता, कोणीतरी कोणाला पान द्यावं तशी हातात पडली. मला तर ती फाडून टाकावीशी वाटली.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर तिला पोचवायला आम्ही गेलो. बैलगाड्या भरून माणसं आली होती. छपऱ्याचा तो मामाही आला होता, काठी टेकत. आतेनं सगळ्यांच्या तोंडावरून हात फिरवला. माझ्यापाशी आली तेव्हा मला राहवलं नाही. इतके दिवस कोणी बोललं नव्हतं ते मी बोलले.

"नको जाऊ गं आते. तिकडे तू मेलीस. त्यांनी तुला जाळलं, पंगत उठवली. दारात उभी राहिलीस तर लोक भुताला घाबरतात तसे घाबरतील. येसूच घरात घेणार नाही. इथे आम्ही आहोत ना! आम्ही कोणी नाही का तुझे?"

तिनं माझा हात हातात घेतला. तिचा हात सुक्या सालीसारखा लागला. "आहात तर," म्हणाली. "सगळे आहात. पण येसू नाय."

"आणि तिनं दार लावून घेतलं तर?"

"तर दाराभाईर बसेन. आतनं तिचा आवाज तर येल."

होडीवाला हाका मारत होता. ती पायऱ्या उतरली, होडीत बसली, लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. होडी गलबताकडे निघाली. आम्ही सगळे हात हलवत होतो, पोरं 'आते, आते' करून ओरडत होती. ज्यांची नावं तिनं ठेवली होती ती सगळी.

आमचे हे अजून म्हणतात, शिडीवर चढताना आतेनं एकदा वळून बघितलं. मन राखायला म्हणतात माझं. मी तिथे होते, डोळे फाडून बघत होते. तिनं वळून बघितलं नाही. एकदाही नाही. ती समोरच बघत होती, जिकडे कोकण असेल असं तिला वाटत होतं तिकडे. शिडीवर कोणीतरी खालून तिला हात दिला आणि ती भराभर चढली, अगदी तरण्या बाईसारखी.

ती पोचली का, येसूनं दार उघडलं का, आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.